सोमाला दिसलेली चप्पल

मयतीच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणता का तुम्ही? नाही म्हणत. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं. दुखवट्याच्या घरी गप जायचं, गप बसायचं, उठताना ‘येतो’ म्हणायचं नाही आणि घरच्यांनीही ‘या’ म्हणायचं नाही. असल्या कामाला पुन्हा कुणाला यायला लागू नये म्हणून. मग मला सांगा, मयत नाशकात झालं आणि ज्याची आई गेली तो मस्कतमध्ये असला, तर दुखवट्याचं घर कुठलं?

सोमा आमच्या सातपूरच्या गल्लीतला. मूळ घोटीकडचा, पण वाढला आमच्यातच. पत्र्याचं काम त्याच्या हाताला असं बसलेलं की डोळे मिटून वाकवला तरी कोपरा काटकोनात येणार. अंबडच्या एका कारखान्यात तो एसीचे डक्ट बनवायचा. कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही गेटवर बेचाळीस दिवस बसलो. भाषणं मी केली, चहा सोमानं आणला. त्रेचाळिसाव्या दिवशी तो एजंटकडे मस्कतचा फॉर्म भरून आला. मी त्याला चारचौघांत पळपुटा म्हणालो. तो म्हणाला, “तू बोल भो. मला बोलता येत नाय, मला पत्रा वाकवता येतो.”

त्याला अकरा वर्षं झाली. दोन वर्षांतून एकदा येतो, महिनाभर राहतो, घराचे नळ दुरुस्त करतो आणि जातो. घरी बायको ज्योत्स्ना, मुलगी वेदिका आणि आई नवसाबाई. दर शुक्रवारी त्याची सुट्टी, दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल. नवसाबाईला व्हिडिओचं काही कळायचं नाही. फोन आला की ती तो उजव्या कानाला लावायची. वेदिका ओरडायची, “आजी, समोर धर ना!” म्हातारी म्हणायची, “समोर धरल्यावर ऐकू कसं यील?” त्यामुळे अकरा वर्षं सोमानं आईचा चेहरा कमी आणि कान जास्त पाहिला. कान आणि त्यातली बुगडी.

यंदा जानेवारीत नवसाबाई गेली. सोमाचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी कंपनीकडे अडकलेला. तो हातात आला बाराव्या दिवशी, दहावा होऊन गेल्यावर. साहेब म्हणाला, आता जाऊन काय करणार? सोमानं बहुतेक मान हलवली असेल. तो गेला नाही.

एप्रिलमध्ये आम्ही गेलो त्याच्याकडे. आम्ही म्हणजे शेखर आणि मी. शेखरचं रंगाचं दुकान आहे. रंगाच्या कंपनीच्या स्कीममध्ये त्याला मस्कतची टूर लागली, दोघांची. बायकोला विमानाची भीती, म्हणून नंबर माझा. आयुष्यात पहिला पासपोर्ट काढला. तिसरा दिवस मोकळा होता, शुक्रवार. सोमा म्हणाला, जेवायला या.

रुवी नावाच्या भागात एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर त्याची खोली. लिफ्ट बंद.

“सोम्या, तुझ्या बंगल्याला लिफ्ट नाय का रे?” शेखर जिन्यातूनच ओरडला.

“आहे ना भो, दाखवायपुरती.”

मी दारातच त्याला मिठी मारली, पाठीत धपाटा घातला. शेखरनं सेल्फी काढला. ज्योत्स्नानं दिलेली पिशवी सोमाच्या हातात दिली. काळा मसाला, कुरडया, चिवडा. त्यानं ती न उघडता पलंगाखाली सरकवली.

खोलीत चार पलंग, दोन खाली, दोन वर. बाकीचे तिघं, दोन मल्याळी आणि एक बांगलादेशी, यांना त्यानं सकाळपासून बाहेर पाठवलं होतं. सामाईक स्वयंपाकघरात आपला नंबर यावा म्हणून तो पहाटेच्या नमाजाच्या आधी उठला होता. चिकन, भात, कांदा चिरून लिंबू पिळलेला, आणि चपात्या, एकीचाही आकार दुसरीसारखा नाही. खाली पेपर अंथरलेला. तीन ताटं, तिन्ही वेगवेगळी. एक शेजाऱ्याकडून आणलेलं, त्यावर शेजाऱ्याचं नाव कोरलेलं.

“पत्रा काटकोनात वाकवतो अन् चपातीचा नकाशा करतो,” शेखर म्हणाला.

“घ्या, घ्या. अजून घ्या,” सोमा म्हणाला. 

तेवढंच बोलत होता तो. रस्सा घ्या, भात घ्या, पाणी घ्या. विचारलं की उत्तर द्यायचा. काम कसं आहे? आहे. उन्हाळा फार का? फार. मध्येच आमच्या तोंडाकडे बघायचा, कशाची तरी वाट बघत असल्यासारखा, आणि मग पुन्हा डाव उचलायचा. आम्हाला वाटलं, माणूस अकरा वर्षांत असाच झाला असेल.

आईचा विषय आम्ही दोघांनीही काढला नव्हता. जिन्यात शेखर मला म्हणाला होता, “उगी जखम उकरू नको. मजेत ठेव त्याला.” पण मला गप्प राहणं कधी जमलंय? भाताच्या वेळी मी अमरधामची गोष्ट काढली. ही गोष्ट मी नाशकात किती ठिकाणी सांगितली असेल त्याला मोजमाप नाही. सभेत सांगितली, चहाच्या टपरीवर सांगितली.

गोष्ट अशी. नवसाबाईला पंचवटीत अमरधामला नेलं. ज्योत्स्नानं फोन माझ्या हातात दिला, “भाऊ, यांना दाखवा.” सोमा पलीकडे होताच. सरण रचलं. आता अग्नी कोण देणार? सोमाचे चुलते सावळीराम तात्या गावाहून आलेले. ते म्हणाले, “माझा पोरगा दील. भाऊच लागतो तो सोमाचा.” मी म्हणालो, “सून आहे ना उभी! अकरा वर्षं म्हातारीचं तिनं केलं, अग्नी तीच देणार.” तात्या म्हणाले, “बाईमाणूस अग्नी देतं व्हय? आमच्यात नाय चालत.” मग मी सुरू झालो. आमच्यात म्हणजे कुणात? आजारपणात तुमच्यातलं कोण आलं होतं? औषध कोणी आणलं? तात्यांचा आवाज चढला, माझा त्याहून चढला. लोक गोळा झाले. शेवटी तात्या बाजूला झाले आणि ज्योत्स्नानं मडकं खांद्यावर घेतलं, फेऱ्या मारल्या, अग्नी दिला. आमच्या गल्लीत सुनेनं अग्नी दिल्याचं ते पहिलंच.

“तोंड बघायला पाहिजे होतं तात्यांचं!” मी सोमाला म्हणालो. “तू तर बघितलंच म्हणा.”

सोमा भात कालवत होता.

“मला नाय दिसलं,” तो म्हणाला.

“म्हणजे? कॉल चालू होता की. शेवटपर्यंत चालू होता.”

“चालू होता. मला तुझी चप्पल दिसत होती. डाव्या पायाची. अंगठ्याला तार बांधलेली. सतरा मिनिटं.”

शेखरनं हातातला घास ताटात ठेवला.

“तू भांडायला लागलास ना, फोन खाली गेला. मी आवाज देत होतो. तुझा आवाज मोठा होता. मग एकदा फोन वर आला तेव्हा जाळ लागलेला होता सगळीकडून.”

“अरे मग सांगायचं ना!”

“काय सांगायचं? परत करणार होता का?”

हे तो रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. मला राग कळतो, त्याला उत्तर देता येतं. तो पाण्याचा तांब्या पुढे सरकवावा तसं म्हणाला. आणि मग विचारलं, “तू होतास तिथं. आता तू सांग. शेवटचं कशी दिसत होती?”

मी तोंड उघडलं. आणि मला कळलं की मलाही माहीत नाही. मी तात्यांकडे बघत होतो. तात्यांचा रुमाल, तात्यांचं थरथरणारं बोट, सगळं आठवत होतं. नवसाबाईचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. शेखरला विचारून उपयोग नव्हता, तो त्या दिवशी सिन्नरला होता, संध्याकाळी आला. मुद्दा माझा बरोबर होता. आजही बरोबरच आहे. पण सोमानं मुद्दा विचारला नव्हता.

“ज्योत्स्नाला नाही विचारलंस?” शेखर हळूच म्हणाला.

“ती रडंल म्हणून नाय विचारलं. ती पण काढत नाय. मी रडंन म्हणून असंल.”

तीन महिने नवरा-बायको रोज फोनवर बोलत होते. वेदिकाची फी, गॅस, पाण्याची टाकी. मी त्याचा फोन उचलला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं ज्योत्स्नाला लावला, स्पीकरवर. तिकडे दुपारची भांडी चाललेली. नळाचा आवाज येत होता.

“जेवले का पाव्हणे?” ती म्हणाली.

“जेवताहेत. ज्योत्स्ना, आईला नेलं त्या दिवशीचं सांग. मला दिसलं नव्हतं.”

नळ बंद झाला.

“काय सांगू?”

“सगळं.”

“सकाळी अंघोळ आम्ही बायकांनी घातली. हिरवं लुगडं नेसवलं, दिवाळीचं. तोंडात पाणी वेदिकानं घातलं. तिथं अमरधामला तोंडावर ऊन येत होतं. सगळे भांडत होते ना, वेळ लागत होता. मग मी पदर धरून उभी राहिले.”

“कुणावर?”

“आईंच्या तोंडावर. ऊन लागत होतं.”

मी पेपरवरची शितं वेचायला लागलो.

“अग्नी तू दिलास,” सोमा म्हणाला.

“मला कुठं कुणी विचारलं, देशील का म्हणून? भाऊंनी हातात दिलं, मी दिला. दिला ते बरं वाटलं नंतर.”

“डोळे?”

“मिटलेले.”

“बुगड्या काढल्या का?”

“डावी निघाली, वेदिकाकरता ठेवलीय. उजवी निघंना. कान ओढायला लागला असता. मी म्हटलं, राहू द्या.”

“उजवी राहिली?”

“हो.”

“बरं,” सोमा म्हणाला. “पाण्याची टाकी साफ करून घेतली का?”

“रविवारी येणारे तो.”

फोन ठेवला. सोमानं ताटातला भात संपवला. आमची ताटं उचलायला गेलो तर म्हणाला, राहू द्या. त्यानं तिन्ही ताटं घासली, शेजाऱ्याचं पुसून वेगळं ठेवलं. मग येऊन खाली बसला, भिंतीला टेकून. आम्हीही भिंतीला टेकून बसलो. वर एसी घरघरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी हिंदीत टॅक्सीवाल्याशी वाद घालत होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. दारात आल्या आल्या जे करायचं, गप बसायचं, ते आम्ही जेवून झाल्यावर केलं.

मग शेखर उठला. चपला घालताना सवयीनं त्याच्या तोंडातून “चल सोमा, ये—” एवढं निघालं आणि तो तिथंच थांबला. सोमा दाराला धरून उभा. त्याची नजर माझ्या पायांवर होती. टूरसाठी मी नवे बूट घेतले होते.

तो ‘या’ म्हणाला नाही. आम्ही जिना उतरलो.

तुमच्या गल्लीतलंही कुणीतरी असंच बाहेर असेल, पत्रा वाकवत नाहीतर गाडी चालवत. उद्या त्याच्या घरचा फोन कुणी तुमच्या हातात दिला, “यांना दाखवा” म्हणून, तर माझं एवढं ऐका. तो दोन्ही हातांनी धरा, चेहऱ्यासमोर धरा, आणि तोंड बंद ठेवा. भांडण दुसऱ्या दिवशी करा.