कडू न लागलेला कागद

माझ्या जावयांना लोकांचे कान बघायचे होते, म्हणून आम्ही दर्यापूरच्या वाटेला लागलो. जावई पुण्याचे, माणसामाणसांच्या शरीरातला फरक शिकणारे. कुणाच्या कानाची पाळी सुटी, कुणाची गालाला चिकटलेली. कुणाला जिभेची पन्हळ करता येते, कुणाला नाही. या खुणा आईबापांकडून येतात आणि पुष्कळ माणसांच्या जमवल्या की कोण कुणाच्या किती जवळचं ते कळतं, असं त्यांनी मला अमरावतीला जेवताना समजावलं. मी गावच्या शाळेत सातवी झालेला. लग्नात कोण रुसून बसतं त्यावरून जवळचं कोण ते ओळखणारा. तरी बहिणीची भेट होईल म्हणून हो म्हटलं.

तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा. त्याआधी तिकडची काळी माती पायातल्या चपला ठेवून घेते. सकाळच्या एसटीनं दीड-दोन रुपयांत दर्यापूर येतं. स्टँडवर आलुबोंडा गरम मिळतो, चटणी जपून घ्यावी. जावयांनी जपली नाही. पुढे माझ्या बहिणीचे यजमान नामदेवराव बैलगाडी घेऊन आले होते. दोन्ही अंगांना कापूस फुटलेला. किती शांत आहे, असं जावई म्हणाले.

"चाकाले तेल देल्लं म्हणून," नामदेवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बौद्धांच्या वस्तीत गेलो. जावई एकेकाचे कान असे न्याहाळत होते, की बैलबाजारात दात बघणाऱ्यांनी शिकावं. मग त्यांनी औषधात बुडवून वाळवलेले कागदाचे बारके तुकडे काढले आणि चघळायला दिले. बहुतेक जण तोंडं वाकडी करून थुंकले. मला स्वतःलाही तो कागद कडूजहर लागला. शाळेतले सुखदेव मास्तर मात्र शांतपणे चघळत राहिले. त्यांना चवच आली नाही. तेही आईबापांकडूनच येतं, असं जावई म्हणाले. मास्तर म्हणाले, बरं झालं, बायकोचा संशय स्वतःच्या स्वयंपाकावर होता.

दिवेलागणीला बहिणीच्या ओट्यावर तोच कार्यक्रम झाला. अंबाडीची भाजी-भाकर व्हायची होती, तोवर गंमत म्हणून सगळे जमले. सगळे थुंकले. वेचणीवरून आलेले नामदेवराव चघळत राहिले आणि म्हणाले, "काईच लागत नाई."

जावई आनंदानं लिहायला लागले. बाकीचे मात्र नामदेवरावांच्या पायाकडे बघायला लागले. आमच्याकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. आणि पान लागलेल्याला निंबाचा पाला खायला देतात. तो कडू लागला नाही, तर विष चढलं. त्यात नामदेवरावांनी दुपारीच पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, पायाला काहीतरी टोचल्याचं सांगितलेलं. तेव्हा सगळ्यांनी काटा समजला होता.

माझ्या बहिणीचा, अनुसयेचा, चेहरा पांढरा पडला. चौघांनी रिवाजाप्रमाणे नामदेवरावांना उचलून मारुतीच्या देवळात नेलं. ते वाटभर सांगत होते की मी बरा आहे, मला भूक लागली आहे. तिथे निंबाचा पाला चारला. ते म्हणाले, कडू आहे.

"मले धीर द्याले खोटं बोलून राहिले," अनुसया म्हणाली.

जावयांनी फार शुद्ध मराठीत समजावलं. कुणी ऐकलं नाही. मी मनातल्या मनात मारुतीचा धावा करत होतो. आणि तो करता करताच सुचलं, की मास्तरांना बोलवावं.

मास्तर आले आणि पायऱ्यांशी थांबले. पूर्वी आम्ही त्यांना वर येऊ देत नव्हतो. धर्म बदलल्यापासून ते येत नव्हते.

"मी वर येत नाई वहिनी. तुमी यायले घेऊन खाली या. इथंच दाखवतो."

पान लागलेल्याला उजाडेपर्यंत देवळाबाहेर नेत नाहीत. म्हातारे नको म्हणाले. अनुसयेनं एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा पायऱ्यांकडे. मग नवऱ्याचा दंड धरला आणि त्यांना घेऊन खाली उतरली.

मास्तरांनी कागद चघळला. तिच्यासमोर पुरता चघळला.

"पाटी चाटल्यावानी लागते. मी सकाळीबी खाल्ला, अन् मले कोनतं पान लागलं?"

"बराबर. पाटीच," नामदेवराव म्हणाले.

तिनं स्वतः तुकडा तोंडात टाकला, थुंकली, आणि तिथेच पायरीवर बसून रडली. नामदेवराव मला हळूच म्हणाले, आता जेवायला जायला हरकत नाही ना.

अमरावतीला परतल्यावर जावयांनी ते दोघं एकाच रकान्यात घातले. एवढ्यानं दोघांचं नातं ठरत नाही, पुष्कळ माणसं लागतात, असंही सांगितलं. मी पूजेला बसलो की अजून ते आठवतं. देवानं जिभा वाटताना वस्ती विचारलेली दिसत नाही. वस्त्या आम्हीच आखल्या, आणि त्याच्या देवळाच्या पायऱ्याही.

संक्रांतीला अनुसया माहेरपणाला आली. देवळातल्या त्या रात्रीनंतर सकाळी नवरा धडधाकट उठल्याचं सांगायला ती मास्तरांकडे गेली होती म्हणे.

"चाय देल्ली त्यायनं. लय गोड होती. सारी पेली."

तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या, मी विचारलं.

"घरी काहून सांगू?" ती म्हणाली, आणि तीळ निवडायला लागली.