दोन वाघदेव आणि एक भगत

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं डोक्यातून गेली. तलासरीला प्रभारी अधिकारी असताना हाती आलेलं वाघदेवाचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं समोर उभं राहतं. त्यातल्या कुणाचं नाव इथे देत नाही.

दिवाळी जवळ आली होती. हायवेवर चहाची टपरी चालवणारा आमचा एक खबऱ्या होता. दुपारी त्याचा फोन आला, "साहेब, एका टेंपोत गोधडीखाली देव आहे. ड्रायव्हर चहा पितो, पण नजर सगळी मागे. गाडी गुजरातकडे जाणार."

नाकाबंदी लावून टेंपो अडवला. गोधडीखाली छातीपर्यंत येईल अशी लाकडी फळी निघाली. तिच्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, मधोमध उभी चीर आणि काळवंडलेला शेंदूर. ड्रायव्हर म्हणाला, "मला वापीला पोचवायचं सांगितलंय. बाकी मला काय माहीत नाय." पण त्याच्या मोबाइलमध्ये एक फोटो सापडला. हाच वाघदेव आणि त्याच्यावर हात ठेवून उभा असलेला एक म्हातारा.

आमच्या हवालदाराने म्हाताऱ्याला ओळखलं. तो वेवजीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा भगत होता. पाड्याच्या देवांची पूजा त्याच्याकडे असे. मला वाटलं, चोरी, माल आणि चोर एकाच दिवसात मिळाले.

पाड्यावर गेलो, तर वाघदेव झाडाखाली आपल्या जागेवर उभा! तोच वाघ, तीच चीर. फक्त शेंदूर ताजा होता. पोलिसांची गाडी पाहून माणसं जमली. मी टेंपोतल्या फळीचा फोटो दाखवला आणि कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "खरा देव भगताने विकला. हा नवा आणून उभा केला. म्हणून तर शेंदूर चोपडला." भगताचा सख्खा पुतण्या तिच्या बाजूला उभा होता. तो खाली मान घालून निघून गेला.

भगताला ठाण्यात आणलं. पंचांसमक्ष फळी त्याच्यासमोर ठेवली. तो तिच्याकडे बघेना, हात लावेना.

"शेंदूर कधी लावलास?"

"पाऊस सरल्यावर. वाघबारस येते ना साहेब."

"मग हा देव कुणाचा?"

"माझा नाय. कुणाचा ते तुम्ही शोधा."

"आणि फोटो?"

"त्या बाईने काढला. मुंबईच्या."

गुन्हेगार नजर चुकवतो हे मी नोकरीभर पाहिलं होतं. त्याचं ते तोंड फिरवणं मला कबुलीसारखंच वाटलं. पण नुसत्या वाटण्यावर अटक होत नाही. जबाब नोंदवून त्याला सोडलं. तो चालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी हवालदाराने सांगितलं, पाड्याने ठरवलंय की वाघबारशीची, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर होणारी वाघदेवाची पूजा यंदा त्याच्या हातून होणार नाही.

मुंबईच्या बाई म्हणजे जुन्या लाकडी देवांचा अभ्यास करणाऱ्या एक संशोधक. डहाणूला खोली घेऊन राहिल्या होत्या. थ्रीडी स्कॅनर घेऊन पाड्यापाड्यांवर फिरायच्या. माझा संशय आता त्यांच्यावरही होता. लॅपटॉपसकट बोलावून घेतलं.

"तुमची माणसं येऊन गेली आणि देव टेंपोत सापडतो. हे कसं?"

बाई चिडल्या नाहीत. लॅपटॉप उघडून त्यांनी वाघदेव पडद्यावर आणला. "लाकूड कुजलं तरी नक्षी कळावी, म्हणून हे करतो आम्ही," असं म्हणत त्या तो चारी बाजूंनी फिरवू लागल्या. वाघाच्या शेपटीपाशी बोराएवढा एक गोळा दिसला, त्याला छोटंसं भोक.

"ते काय?"

"कुंभारमाशीचं मातीचं घर. आम्ही ते काढलं नाही. जे जसं आहे तसं टिपायचं."

तो गोळा मी फळीवरही पाहिला होता आणि लाकडाची गाठ समजून सोडून दिला होता. बाईंना घेऊन मुद्देमालाच्या खोलीत गेलो. गोळ्यावर नखाने खरवडलं. शेंदूर निघाला, खाली लाकूड! माशीचं घर भोकासकट लाकडात कोरलेलं होतं. तसेच पाड्यावर गेलो. तिथल्या वाघदेवाच्या शेपटीपाशी घर पडून गेलं होतं, पण शेंदराखाली मातीचा डाग शिल्लक होता. म्हणजे खरा देव जागचा हललाच नव्हता. टेंपोतली फळी स्कॅनच्या फाइलवरून मशीनने कोरली होती.

बाईंचा चेहरा उतरला. "फाइल माझ्याकडे आणि स्कॅनर चालवणाऱ्याकडे. तिसऱ्या कुणाकडे नाही."

स्कॅनर चालवणारा सरावलीचा, तिशीतला, बोलण्यात गोड. आल्या आल्या म्हणाला, "साहेब, माझा पेनड्राइव्ह हरवला होता. कुणीतरी फाइल मारली असणार."

मी वाद घातला नाही. फळी आणून गोळ्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"गाठ आहे लाकडाची."

"मग स्कॅन केला तेव्हा इथे माशीचं मातीचं घर होतं, ते कसं? फळी कोरताना हाताने काम करणाऱ्याने माती झटकली असती."

तो हळूच म्हणाला, "मशीनला काय कळतंय, साहेब."

मशीनचं नाव मी काढलंच नव्हतं. पुढचा जबाब आपोआप आला. एका फर्निचरच्या कारखान्यात लाकूड कोरणाऱ्या कॉम्प्युटर मशीनवर त्याने फळी बनवून घेतली होती. धूर देऊन, शेंदूर फासून ती जुनी केली आणि वापीच्या एका दलालामार्फत विकायला काढली. गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून सोबत भगताचा फोटो आणि वर ही थाप, की भगताने स्वतः देव काढून दिला. दलाल आणि तो, दोघांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

भगताला निरोप धाडून काम संपलं असतं. पण पूजेचा विषय माझ्या डोक्यातून जात नव्हता. वाघबारशीच्या आदल्या दिवशी मी वर्दीत पाड्यावर गेलो. बाईही आल्या. झाडाखाली सगळ्यांना बोलावून लॅपटॉप दाखवला, डाग दाखवला आणि मोठ्याने सांगितलं, "देव इथलाच आहे. भगताने काही केलेलं नाही."

मग ती म्हातारी बाई उठली आणि भगतासमोर जाऊन म्हणाली, "उद्याची पूजा तूच कर." पुतण्या मात्र आला नव्हता.

निघताना मी भगताला विचारलं, "त्या दिवशी फळीला हात का लावला नाहीस?"

"सवयीने हात जोडले गेले असते साहेब," तो म्हणाला. "मग तुम्ही लिहिलं असतं, भगताने देव ओळखला."

मी खरंच तसं लिहिलं असतं.

आमच्या खात्यात संशयित सुटला की एका ओळीची नोंद होते आणि माणूस घरी जातो. त्याला गाडीत घालून नेताना सगळी वस्ती बघते. सुटून येताना तो एकटाच चालत येतो. त्या प्रकरणानंतर नोकरीत होतो तोवर, निर्दोष निघालेल्या माणसाला मी सरकारी गाडीनेच घरी सोडलं. त्याच्या दारात उतरून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, की याचा त्यात काहीच संबंध नव्हता.