आबांची चिलीम

खळ्यावर वारा कोणत्या अंगाने येणार, हे आबांना सर्वांच्या आधी कळे. ते वावडीवर, म्हणजे उपणणीच्या उंच तिपाईवर, चढले की आम्ही पाट्या भरून द्यायच्या आणि त्यांनी भात वाऱ्यावर सोडायचे. तूस आणि धूळ त्यांच्या मिशांत बसे. तोंडाला फडके त्यांनी कधी बांधले नाही. "म्या काय बाईमानूस हाय?" असे विचारीत.

आबा माझे थोरले चुलते. हिर्डोशीच्या खोऱ्यात आमचे घर. वडील लवकर गेले. मला आणि धाकट्या गणपतला आबांनीच वाढवले. स्वतः पेज पिऊन आम्हांला भाकरी दिली. ते सर्व खरे आहे. पुढचेही खरे आहे.

आमच्याकडे इर्जिकीची चाल होती. एकाचे काम साऱ्या गावाने करायचे. मजुरी नाही, जेवण आणि चिलीम. चिलीम आबा भरीत, पहिला झुरका घेत आणि पुढे देत. ती नाकारणे म्हणजे माणसालाच नाकारणे. एकदा गणपतने तिचे तोंड धोतराच्या सोग्याने पुसले.

"काय रं गणपा, माझ्या तोंडाला शेन लागलंय व्हय?" आबा म्हणाले. सारे खळे हसले. गणपतने पुन्हा कधी चिलीम पुसली नाही.

मळणीनंतर आबांना खोकला येई. त्याचे कोणाला नवल नव्हते. त्या दिवसांत सारे गावच खोकत असे. "कोंडा गेलाय घशात. पाऊस पडला की बसंल," ते म्हणत. पाऊस पडला, खोकला बसला नाही. पावसाळ्यात आम्ही गुरांसह एकाच छपराखाली राहत असू. झडीमुळे दार लावलेले. चुलीचा धूर गवतातून जाईल तेवढा जाई. आबा आणि गणपत उबेसाठी गोठ्याच्या कुडाशी शेजारी शेजारी निजत.

पुढच्या वर्षी गणपत खोकू लागला. आम्ही त्याला आबांचेच शब्द ऐकवले. थुंकीत रक्त दिसले, तेव्हा मी त्याला बैलगाडीत घालून भोरला नेले. डॉक्टरांनी छाती तपासली, गाव विचारले आणि ते माझ्यावर रागावले.

"गेल्या वर्षी तुमच्याच गावचा एक म्हातारा आला होता. पांढऱ्या मिशा, कानात बाळी. क्षय आहे, म्हणून त्याला बजावलं होतं. चिलीम कुणाला देऊ नको, वेगळा नीज, धुरात-धुळीत राहू नको. घरी सांगितलं नाही त्यानं?"

गेल्या वर्षी आबा मीठ आणायला म्हणून भोरला गेले होते. मीठ आणलेही होते.

घरी येऊन मी विचारले, "आबा, तुमास्नी ठावं व्हतं?"

त्यांनी चिलीम हातात फिरवली. "व्हय."

"मग गणपाला कशी दिली?"

"वायली वढली असती, तर इर्जिकीला कुनी बोलावलं असतं मला? वावडीवर कुनी चढू दिलं असतं?"

"आन् गणपा?"

"त्यो तरना हाय. त्याला न्हाई बाधायची, आसं वाटलं."

भात निसवण्यापूर्वी गणपत गेला. मी गावाला सर्व सांगितले.

त्या सुगीला वावडीवर मी चढलो. वाऱ्याचे अंग मला कळत होते. आबांनीच शिकवले होते. ते खळ्याबाहेर बसले होते, तोंडाला फडके बांधून. दुपारी फडके खाली ओढून त्यांनी चिलीम भरली, झुरका घेतला आणि सवयीने हात पुढे केला. कोणी घेतली नाही. मग त्यांनी तिचे तोंड सोग्याने नीट पुसले आणि माझ्याकडे पाहिले.

मी पाटी उचलली.