कांद्याच्या सरीत सापडलेली मुलगी

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो तेव्हा माझ्या गाठीला दोनच गोष्टी होत्या: गुडघेदुखी, आणि इतरांच्या निरोपसमारंभांसाठी लिहिलेली ढीगभर यमकबद्ध मानपत्रं. या दुसऱ्या गोष्टीची कीर्ती गंगापूर रोडच्या एका मठात कशी पोचली, कोण जाणे. मठाच्या अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, "काका, आमच्या महाराजांची पोथी नाहीये. ओवीबद्ध हवी. पुण्यतिथीला पारायण करू."

महाराज सटाण्याकडचे शेतकरी. तरुणपणी घर सोडून डोंगरात जाऊन बसले, अंगाखांद्यावर साप खेळवले, रिकाम्या हंड्यातून गावाला जेवू घातलं, आणि पुष्कळ वर्षांपूर्वी तिथंच गेले. ही माहिती मला चार भक्तांनी दिली. मी स्वतः सटाण्याला गेलो नाही. ऊन फार होतं. माहिती जिथं संपली तिथं पोथ्यांमध्ये जे असतंच ते घालून टाकलं:

बालपणापासूनि विरक्त । बालब्रह्मचारी भक्त ।
संसारी न झाला आसक्त । जन्मभरी ॥

त्यांना ब्रह्मचारी करा असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. लग्नपत्रिकेवर गणपती येतो तसं ते माझ्या हातून आपोआप आलं.

पोथी छापून आठवडा झाला असेल. मठाच्या पायरीवर पंचाहत्तरीच्या पुढची एक म्हातारी बसली होती, हातात गुंडाळलेली पोथी.

"पोथी लिखनारा तूच का?"

मला वाटलं पाया पडणार. मी पाय जरा पुढं केले.

तिनं पान माझ्या नाकासमोर धरलं. "बालब्रह्मचारी? मंग मी कोन शे? मी त्यान्ही पोर शे!"

ती दोन वर्षांची असताना बाप डोंगरात निघून गेला होता. मी पाय मागं घेतले आणि अध्यक्षांकडे पळालो.

"माहितीये आम्हाला," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "पण बालब्रह्मचारी आता फ्लेक्सवर गेलंय, काका. ते राहू द्या, आणि आजींनाही आत कुठंतरी बसवा. तुम्ही कवी ना?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी कवी म्हणालं. दुपारच्या झोपेवर पाणी सोडून मी तोडगा काढला:

कांद्याचिया सरीमाजी । कन्या प्रगटली साजी ।
महाराज म्हणती माझी । प्रसादरूपे ॥

ब्रह्मचर्य शाबूत, मुलगीही आत! बायकोला ऐकवलं.

"आणि हिची आई?" बायको म्हणाली.

"तुला छंदातलं काय कळतं?" मी म्हणालो.

म्हातारीला मी स्वतः फोन करून पारायणाला बोलावलं. ती पहिल्या रांगेत बसली, दारात वाटलेली नव्या छपाईची पोथी न उघडता मांडीवर घेऊन. मी माइकवर ती ओवी वाचली आणि वाहवासाठी थांबलो. शेजारी बसलेल्या भक्तांनी म्हातारीकडे बोट दाखवलं. गंगाघाटावर फुलं विकणारी एक बाई उठली आणि थेट तिच्या पायांवर कोसळली. "माय, तुम्हीच का त्या!" मागं रांग लागली.

म्हातारीनं पाय खुर्चीवर ओढून घेतले. "ऊठ! कांदास्मा पोर सापडस का?"

"किती साधेपणा," कुणीतरी गहिवरून म्हणालं. ती जितकी ओरडायची तितकी रांग वाढायची.

शेवटी ती खुर्च्या ढकलत माझ्यापर्यंत आली. "सीता शे का मी? मन्ही माय व्हती! लोकेस्ना वावरमा निंदाले जाये, तवय माले वाढाडं. त्यानी तिले सोडं. तू तं तिले पुशीच टाकं!"

अध्यक्षांनी माझ्या हातातून माइक घेतला. "आजींना भाव आलाय. आरती सुरू करा."

टाळ इतके जोरात सुरू झाले की तिचं पुढचं काही ऐकूच आलं नाही. दोन सेवेकऱ्यांनी तिला हाताला धरून, अतिशय आदरानं, बाहेर नेलं. मीही मागं गेलो. कुणी बोलावलं नव्हतं.

पायरीवर तिनं पोथी माझ्यापुढं आपटली. "लिख."

मी पेन काढलं आणि सवयीनं पुटपुटलो, "महाराजांची जी कांता..."

"यमक नको करू!"

मी सरीची ओवी खोडली. वर ब्रह्मचारीही खोडला. समासात ती सांगेल तसं लिहिलं: महाराजांची बायको होती. तिचं नाव अमुक. तिनं लोकांच्या शेतात निंदणी करून मुलगी वाढवली. तिनं बोट ठेवून अक्षर न् अक्षर तपासलं, मग खाली माझी सही घेतली. आत तोवर प्रसाद वाटत होते. तिला कुणी विचारलं नाही.

"आजी, चुकलं माझं," मी म्हणालो.

"हां, चुकनंच." तिनं पोथी पिशवीत घातली. "आते आखो काही लिखू नको."

मठात सरीची ओवी अजून वाचतात. मला वाचायला बोलावत नाहीत. आणि म्हातारीनं बजावूनही मी हे लिहून बसलोच. तिच्या आईचं नाव तेवढं इथं घातलेलं नाही. ते तिनं मला त्या एका पानापुरतंच दिलं होतं.