हिरव्या रंगाचा एक हात

गोंदिया जिल्हा आमच्या भंडारा जिल्ह्यापासून वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. बाबा फौजेत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी लिलावातून एक जुना मिलिटरी ट्रक घेतला आणि तो भंडाऱ्याजवळ शहापूरला आमच्या दारात आणून उभा केला. आई म्हणाली, "लोकं फौजेतून ट्रंक आणतेत, यायनं ट्रकच आणला." आई गेली, ट्रक राहिला. पेट्रोल तो असा प्यायचा, की वर्षातले बहुतेक दिवस त्याला दारातच ठेवणं परवडायचं.

पण धम्मचक्र दिनाला तो नागपूरला जायचाच. वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया पांढरी लुगडी नेसून, पोळी-भाजीची गाठोडी घेऊन मागे बसायच्या आणि बाबा त्यांना दीक्षाभूमीवर घेऊन जायचे. त्या एका दिवशी बाबा पुन्हा फौजी व्हायचे. दाढी गुळगुळीत, पाठ ताठ.

त्या वर्षी माझ्या मोठ्या भावानं स्पष्टच सांगितलं, "बाबा, लोकं बसनं जातेत आता. हा डबा या बायांले घेऊन रस्त्यात बसला, तर मी भंगारवाल्याले बोलावतो."

"मंजूर," बाबा म्हणाले, आणि रंगाचा डबा उघडून बसले.

फौजेत मोठा साहेब येणार म्हटलं की दगडांनासुद्धा चुना लागतो. ती सवय बाबांच्या हातातून कधी गेली नाही. दरवर्षी त्या दिवसाच्या आधी ट्रकला हिरव्या रंगाचा एक हात बसायचाच. त्या वर्षी भावाचं ऐकून जरा जास्तच जोर आला होता. एक हात झाला, वाळला, वर दुसरा.

रंग वाळल्यावर चाचणी म्हणून बाबा आणि मी वैनगंगेपलीकडे कारध्याला निघालो. भंडारा ओलांडलं, नदीच्या पुलावर चढलो आणि ट्रकचा दम गेला. ॲक्सिलरेटर दाबला की पळायच्या ऐवजी रडायचा, आणि बॉनेटखालून फाट् फाट् आवाज. सायकलवरचा एक माणूस घाबरून कठड्याला चिकटला. पूल कसाबसा पार करून बाबांनी गाडी कडेला घेतली.

पेट्रोलचा काटा केव्हाच मेलेला होता. म्हणून बाबा टाकीचं झाकण उघडून बांबूची कमची आत बुडवून बघायचे. इंजिन बंद पडू नये म्हणून तोवर मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसायची. पेट्रोल भरपूर होतं. बाबा परत येऊन बसले, आणि ट्रक काही झालंच नाही अशा थाटात पळाला. परतताना घराजवळ पुन्हा तेच.

भंडाऱ्याच्या मिस्त्रीनं प्लग बदलले. बाबांनी कमची बुडवून पेट्रोल पाहिलं, आम्ही निघालो, ट्रक झकास. थोडं पुढे जाऊन फाट् फाट्. मग मिस्त्रीनं कार्बोरेटर खोलून धुतला. पुन्हा कमची, पुन्हा झकास, पुन्हा फाट् फाट्. प्रत्येक दुरुस्तीनं तो बरा व्हायचा आणि कुठलीच दुरुस्ती टिकायची नाही. मिस्त्रीनं हात टेकले. भावानं भंगारवाल्याला निरोप धाडला. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला भावाचा राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, ट्रकचा त्याहून जास्त यायचा.

धम्मचक्र दिनाच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची चाचणी. या वेळी बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, हट्टानं आमच्याबरोबर बसली. "मेला तर माह्या डोयासमोर मरू दे," म्हणाली.

तो ठरल्याप्रमाणे मेला. बाबा कमची घेऊन उतरले, मी पाय दाबून बसले, आत्या पाय मोकळे करायला खाली उतरून टाकीपाशी उभी राहिली. बाबांनी झाकण फिरवलं.

"भाऊ, हे काय वाजलं?" आत्यानं बाबांना विचारलं.

"काय?"

"सूंऽ करून वाजलं ना. हवा आत गेल्यावाणी."

"काहीच नाही वाजलं."

"अरे, तुह्या नाकासमोर वाजलं!" आत्या जवळजवळ ओरडलीच.

बाबांनी झाकण उलटंपालटं करून पाहिलं आणि वरच्या बाजूला नखानं खरवडलं. रंगाची जाड खपली निघाली. झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल जसं कमी होतं तशी टाकी उरलेलं पेट्रोल आतून ओढून धरते, आणि इंजिन उपाशी मरतं. फौजेत नव्या पोरांना बाबाच हे शिकवायचे. झाकण उघडलं की टाकी श्वास घ्यायची आणि ट्रक पळायचा. मिस्त्रीच्या दुरुस्त्यांचा त्यात काही संबंध नव्हता.

"मीच बुजवलं," बाबा म्हणाले. भोक मोकळं करायला आत्यानं लुगड्याची पिन काढून त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आत्या पुढे, मी मागे बायांमध्ये. ट्रक एकदाही खोकला नाही. निम्म्याच्या वर वाट संपल्यावर चहासाठी थांबलो. भंगारवाल्याचं आता काही काम उरलं नव्हतं. बाया भीमगीत म्हणत खाली उतरल्या.

बाबांनी इंजिन बंद केलं आणि मला टाकीपाशी बोलावलं. हळूच झाकण फिरवलं.

"आयक. वाजलं का?"

"नाही, बाबा."

"पक्कं?"

"पक्कं."

ते झाकण लावत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले कव्हाचंच नीट आयकू येत नाही, पोरी. इंजिन पायाले समजते, म्हणून चालवून राहिलो. तुह्या भावाले नको सांगू."

इतकी वर्षं मी त्यांना तऱ्हेवाईक समजत होते. हाक मारली तर ओ देत नाहीत, म्हणून भांडलेसुद्धा होते. तिथे रस्त्याच्या कडेला मला रडू आलं, आणि बायांनी विचारू नये म्हणून मी गरम चहा घाईनं पिऊन टाकला.

मग माझं गाठोडं उचलून मी पुढे गेले. आत्या काही न विचारता सरकली. तिला बहुतेक आदल्या दिवशीच कळलं होतं. मी बाबांच्या शेजारी बसले. मागून कोणी हॉर्न दिला की मी त्यांच्या मनगटावर बोट टेकवायची, आणि ते गाडी डावीकडे घ्यायचे.