अक्कांचे थांबे

आमचा सायकलचा गट सहाजणांचा. सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे आणि बहुतेकांना सायकल डॉक्टरनं सांगितलेली. म्होरके आहेत एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी हँडलला मोठी पितळी घंटी बसवली आहे. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. नोकरी सुटली, पण घंटी सुटली नाही. दोन टोले पडल्याशिवाय आम्हीही पायडल मारत नाही, इतकं त्यांनी आम्हाला वळण लावलंय.

माझी थोरली जाऊ या गटात सगळ्यात नवी. घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात. बावन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. मीच शिकवली, म्हणून त्यांचा दोष मला माहीत आहे. एकदा सीटवर बसल्या की अक्का वीस किलोमीटर जातात, चढ असो की वारं. पण सपाट जमिनीवरून त्यांना सीटवर बसता येत नाही. पायाखाली दगड लागतो, पायरी लागते, निदान एखादा उंचवटा. सीट खाली घेऊन बघितली, तर गुडघे वर येतात म्हणाल्या. मागून धरते म्हटलं, तर म्हणाल्या, "मी काय लेकरू आहे का?" मग मी नाद सोडला.

त्यामुळं आमचे थांबे चहावरून ठरत नाहीत, दगडावरून ठरतात. तेरच्या रस्त्यावर कुठल्या पुलाचा कठडा किती उंच आहे, कुठला किलोमीटरचा दगड कलंडलाय, कुठल्या हॉटेलला पायरी आहे, हे सगळं कंडक्टरांच्या वहीत लिहिलेलं आहे. एका हॉटेलचा चहा उत्तम असतो. पण ते रस्त्याच्या पातळीत बांधलंय, म्हणून आम्ही तिथं कधी थांबलेलो नाही.

अक्कांचं माहेर तेरच्या अलीकडं, मुख्य रस्त्यावरून जरा आत. तिथं त्यांचे थोरले भाऊ असतात. अक्का आपले सायकलवरचे फोटो त्यांना पाठवत होत्या. माघात एक दिवस त्यांचा फोन आला. "सगळ्या फोटूत सायकल उभीच हाय की गं," ते म्हणाले. "धरतंय कोण, तेवढं सांग."

अक्का म्हणाल्या, येत्या रविवारी तुमच्या दारापर्यंत चालवत येते. न्हाय आले तर सायकल तिथंच सोडीन आन् एसटीनं परत जाईन.

हे नुसतं बोलणं नव्हतं. अक्का एकदा चहा सोडते म्हणाल्या होत्या, त्याला अकरा वर्षं झाली. मला सायकलची काळजी वाटायला लागली. कंडक्टरांनी मात्र परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारून ठेवल्या आणि शनिवारी त्या अक्कांना वाचूनही दाखवल्या. त्यांचा हेतू चांगला होता.

रविवारी उजाडताच निघालो. थंडी सरत आली होती, दोन्ही अंगाला ज्वारी हुरड्याच्या पुढं गेलेली. पहिले दोन थांबे वहीप्रमाणं पार पडले. मग एका वळणावर सगळा रस्ता शेळ्यांनी अडवला. आम्ही पाचजण पाय टेकून उभे राहिलो. अक्कांना थांबणं परवडणारं नव्हतं, कारण तिथं दगड नव्हता. त्यांनी सायकल वळवली आणि रस्त्यातच गोल फेऱ्या मारायला लागल्या. एक, दोन, तीन. शेळ्यांमागचा म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बघत राहिला. चौथ्या फेरीला त्यानं मला हळूच विचारलं, "बाईंची वाट चुकली का?"

मी म्हटलं, वाट बरोबर आहे, शेळ्या चुकल्यात. त्यानं मान डोलावली आणि शेळ्या कडेला घेतल्या. सातव्या फेरीला अक्का सुटल्या.

गावात शिरण्याआधी मी त्यांना पुन्हा बजावलं. वेशीत मारुतीचा पार आहे. तिथं म्हातारी माणसं बसलेली असतात. उतरायचं नाही, मान लववून पुढं जायचं. भावाच्या दाराला ओटा आहे, तिथंच पाय ठेवायचा. अक्का व्हय म्हणाल्या.

पण त्या गावात पारासमोरून कुणी सायकलवर बसून जात नाही. उतरायचं, चार पावलं हातात धरून चालायचं, मग बसायचं. अक्कांनी लहानपणापासून भावांना, चुलत्यांना तसंच करताना बघितलेलं. पार आला, पारावर चुलते दिसले, आणि पन्नास वर्षांच्या सवयीपुढं माझं बजावणं काय टिकणार. अक्का उतरल्या. उतरून सायकल धरून उभ्या राहिल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्याकडं बघितलं. मी कपाळाला हात लावला नाही, कारण हेल्मेट होतं.

त्याच वेळी गिरणीवरून पिठाचा डबा घेऊन भाऊ आले. त्यांना दिसली ती सायकलशेजारी पायी उभी असलेली बहीण. डबा खाली ठेवून ते पाराकडं वळले. "बघा तात्या, म्या म्हणलं न्हवतं? ढकलत आणलीय."

अक्का म्हणाल्या, चालवत आले, पारासाठी उतरले, तात्यांना विचारा. तात्या म्हणजे त्यांचे चुलते, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी डोळ्यावर हात धरून सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, डोळ्यात मोतीबिंदू हाय, मला काई दिसलं न्हाय. आम्हा पाचजणांची साक्ष भावांनी मानली नाही. आम्ही सासरकडची माणसं.

"मग बस की," भाऊ म्हणाले. "हितून आपलं दार दिसतंय. बसून दाव."

दार खरोखर दिसत होतं. मधली वाट मात्र हातानं सारवल्यासारखी सपाट होती. दगड नाही, उंचवटा नाही. कंडक्टरांनी वही उघडली, पण त्यांच्या वहीत हे गावच नव्हतं. मी सायकल धरायला पुढं झाले, तर अक्कांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. 'धरतंय कोण' हा प्रश्न अजून ताजा होता.

अक्कांनी बूट काढले. मारुतीला हात जोडले. सायकल पाराला लावली, अनवाणी पायानं पाराच्या पायरीवर चढल्या आणि तिथून सीटवर बसल्या. पारावरचे दोघंतिघं सरकून बसले. एकजण म्हणाला, देवाच्या पायरीवरून सायकल? तात्या म्हणाले, "पायताण काढलंय न्हवं तिनं? मग जाऊ दे."

कंडक्टरांनी दोन टोले दिले.

अक्का गेल्या. अनवाणीच. आधी सायकल जरा झोकांडली, मग सरळ झाली. मागून डबा काखेत मारून भाऊ भराभरा निघाले, पीठ सांडत. मी अक्कांचे बूट माझ्या हँडलला अडकवले आणि त्यांच्या मागं गेले. दारात पोचल्यावर अक्कांनी ब्रेक दाबला आणि डावा पाय ओट्यावर टेकवला. खाली उतरल्या नाहीत. भाऊ येईपर्यंत तशाच सीटवर बसून राहिल्या.

भाऊ आले. त्यांनी बहिणीकडं बघितलं नाही, सायकलकडं बघितलं. पुढच्या चाकाशी वाकून म्हणाले, "ब्रेक लई करकरतोय. तेल घालाया पायजे."

अक्का म्हणाल्या, "घाला की मग."

ब्रेकला तेल घालत नसतात, हे मला माहीत होतं, पण ती वेळ बोलायची नव्हती. ते खरंच घरातून तेलाची बाटली घेऊन आले, तेव्हा मात्र सांगावं लागलं. मग त्यांनी ते चेनला घातलं. पायडल हातानं फिरवत, कडी न् कडी बघत, चांगलं अर्धा तास घातलं. आम्ही तोवर ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खाल्ली.