चटईमागची डिश

लग्नाआधी मी कोलोनला एकटा राहायचो. त्या दिवसांतलं सगळं मी बायकोला सांगितलं आहे — करपलेला भात, आनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, ऑफिसात झालेली फजिती, एका मुलीने दिलेला नकारसुद्धा. हे एवढं मात्र कधी तोंडातून बाहेर पडलं नाही. तिच्याजवळ नाही, मित्रांजवळ नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बहुधा जमेल. बघू.

गोष्ट फुटबॉलची आहे — निदान मी स्वतःला इतकी वर्षं तसंच सांगत आलो. तुर्की लीगचा तो हंगाम, जर्मनीत वर्ल्ड कप झाला त्याच्या आधीचा. मी पुण्याचा, क्रिकेटवर वाढलेला. तुर्की फुटबॉलशी माझा काय संबंध? संबंध आला तो खालच्या मजल्यावरच्या केमाल आमजांमुळे. आमजा म्हणजे काका. मोटारींच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून रिटायर झालेले, बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन बर्लिनला. गुडघे दुखायचे, म्हणून तुर्की चहावाल्याकडे जाऊन बसणंही सुटलं होतं. शनिवार-रविवार ते आपल्या पिवळ्या-निळ्या टीमची मॅच बघत आणि उरलेला आठवडा त्या मॅचबद्दल बोलत. त्यांना दुसरा विरंगुळा नव्हता. हे मला माहीत होतं — एवढं लक्षात असू द्या.

मॅचसाठी डिश लागायची, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये डिश लावायला बंदी. हाउसफरवाल्टुंग, म्हणजे बिल्डिंगचा कारभार बघणारी कंपनी, त्या बाबतीत फार कडक. मग आमजांनी बादलीत सिमेंट ओतून त्यात दांडा रोवला, डिश बाल्कनीत खालीच ठेवली आणि कठड्याला बांबूची चटई बांधली. बाहेरून काही दिसायचं नाही. ती डिश जुळवून कोणी दिली? मीच. बाल्कनीत उकिडवा बसून मी ती केसाकेसाने फिरवत होतो आणि ते आतून, टीव्हीसमोरून ओरडत होते, "योक... योक... वार, वार." नाही, नाही, आलं, आलं. चित्र स्थिर झालं तेव्हा त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. त्या दिवसापासून मी त्यांचा 'मुहेंदिस', म्हणजे इंजिनियर.

तळमजल्यावर फ्राऊ लोरेन्झ राहायच्या. म्हाताऱ्या, एकट्या. वसंतात खिडकीत टोमॅटोची रोपं करून आमजांच्या बाल्कनीत, चटईजवळ, स्वतः नेऊन ठेवायच्या, आणि उन्हाळ्यात आमजा त्यांना भरलेल्या ढोबळ्या मिरच्या नेऊन द्यायचे. आमजांचं जर्मन मोडकंतोडकं, फ्राऊ लोरेन्झना ऐकू कमी — तरी जिन्यात दोघांच्या गप्पा संपता संपायच्या नाहीत. मला गंमत वाटायची.

येतोय, मुद्द्यावर येतोय.

एप्रिल असेल. मी कामावरून परतत होतो. बिल्डिंगची देखभाल करणारा हाउसमाइस्टर अंगणात उभा राहून वर बघत होता. भिंतीवरून जाणारी एक काळी केबल त्याच्या नजरेला पडली होती. मला बघून म्हणाला, "ती तुमची ना? तुम्हा तुर्कांना किती वेळा सांगायचं?"

यात एवढं लागण्यासारखं काय होतं? पण बेकरीत, ट्राममध्ये, कंपनीच्या गेटवर — जो तो मला तुर्की समजायचा, आणि दर वेळी मला ते झोंबायचं. मी शिकलेला, कंपनीने बोलावून आणलेला माणूस. मी यांच्यातला नाही, हे या देशाने एकदा नीट बघून घ्यावं असं मला वाटायचं. ज्यांच्या हातचा चहा मी रोज प्यायचो, त्यांच्यातलाच नाही. लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटायचं खरं.

"मी भारतीय आहे. इंजिनियर आहे," मी म्हणालो. "डिश खालच्या तुर्काची आहे. चटईच्या मागे बघा."

केबल माझी नाही, एवढं बोलून थांबता आलं असतं ना? चटईचं त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. ते मी सांगितलं. आणि तो मान हलवून "अच्छा, भारतीय," असं म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं. जिना चढताना मी शीळ घालत होतो.

आठवड्याच्या आत डिश गेली. लीग अगदी रंगात आली होती, पिवळे-निळे आणि त्यांचे जुने वैरी पिवळे-लाल गुणांत बरोबरीने शेवटच्या दिवसापर्यंत पोचले होते. त्या दिवशी मी काय केलं? माझ्या बाल्कनीतून त्यांच्या बाल्कनीत इंटरनेटची केबल सोडली आणि लॅपटॉप घेऊन खाली गेलो. चित्र नव्हतंच, नुसती अक्षरं यायची — मिनिट आणि नाव. आमजा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी वाचून दाखवायचो आणि ते विचारायचे, "बॉल कुठून आला? डोक्याने मारला का?" ते कुठे लिहिलेलं असायचं? मी पुढचं मिनिट वाचायचो. पिवळे-लाल आपली मॅच जिंकून मोकळेसुद्धा झाले, यांची चालूच होती. बरोबरी झाली. अजून एक गोल हवा होता, तो झालाच नाही. आमजांनी स्वतःच लॅपटॉप मिटला.

मग म्हणाले, "मुहेंदिस, तू होतास म्हणून एवढं तरी कळलं." आणि पुढे, "त्या खालच्या म्हातारीने सांगितलं. चटईमागचं तिला आणि तुला, दोघांनाच माहीत होतं."

मी दोघांच्या पेल्यांत चहा ओतला.

त्याच आठवड्यात फ्राऊ लोरेन्झ टोमॅटोची रोपं घेऊन वर आल्या. आमजांनी दार उघडलं, रोपं बघितली आणि दार लावून घेतलं. मी वरून जिना उतरत होतो. त्या रोपं छातीशी धरून तशाच उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "माझं काही चुकलं का? तुम्ही त्यांच्याकडे जाता-येता. तुम्हाला काही माहीत आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

डिशचं मी रागाच्या भरात बोललो, असं म्हणता येईल. हे 'नाही' मी शांतपणे, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. पुढचं वर्षभर त्या दोघांनी एकमेकांना गुटेन टाग, साधा नमस्कारसुद्धा, केला नाही, आणि मी दोघांकडेही जात राहिलो. फ्राऊ लोरेन्झ वृद्धाश्रमात गेल्या त्या दिवशी त्यांच्या बॅगा मीच टॅक्सीत ठेवल्या. त्यांनी वर बघितलं. चटई होती तिथे आमजा उभे होते, पण त्यांनी हात केला नाही.

मग मला लुडविग्सहाफेनला नोकरी लागली, लग्न झालं. आमजांना ईदला फोन करायचो. ते दर वेळी नव्या हंगामाबद्दल सांगायचे.

ते गेल्याचं त्यांच्या मुलीने कळवलं. रडत होती. म्हणाली, "बाबा म्हणायचे, त्या बिल्डिंगमध्ये मला दगा न देणारा एकच माणूस भेटला."

मी तिला म्हणालो, त्यांचा माझ्यावर फार जीव होता.